चौदाजणींचा जामीन

कौतिकामावशी, परवा शनिवारी मार्केटात तुह्या नावानं दोन मिनिटं उभं राह्यलो. हमालाइनं डोक्यावरचे गमछे काढले, मापाऱ्यानं काटा थांबवला, अन् मुनीमजी बोलाले पुढं आले. म्हणे, "कौतिकाबाई लय गरीब सभावाची बाई. इतकी वरसं आपल्या अडतीवर चाळणी धरली, पण कधी तोंड वर करून बोलली नाई."

मले हसू आलं, मावशी. खरं सांगते. पदर तोंडात कोंबला तरी मावेना. बाजूले सुमन उभी होती, तिनं मले कोपरानं ढोसलं अन् दुसऱ्या घडीले तीच खांदे हलवून हसाले लागली. लोकाइले वाटलं बाया हुंदके देऊन राह्यल्या. तू अन् तोंड वर करून बोलली नाई! ज्या माणसाले तू भर हर्रासात म्हटलं होतं, "मुनीमजी, बाईमाणसासंगं बोलाचं असन तं तोंडातलं पान थुकून येत जा," तोच हे सांगून राह्यला होता. माणूस मेला की त्याले गरीब सभावाचं करून टाकलं म्हणजे मागच्याइले सोपं जाते.

हसू सरलं अन् राग आला, तो अजून गेला नाई. म्हणून लिहाले बसली. तुले जाऊन आज तेरा दिवस झाले. घरच्याइनं जे कराचं ते सगळं केलं, नातेवाईक जेवून गेले. मले तुह्यासंगं भांडाचं हाये, अन् ते कोण्या विधीत बसत नाई.

पण आधी मुनीमजी पुढं काय म्हटला ते ऐक. गमछे डोक्यावर गेले तसं त्यानं आम्हाले, सगळ्या बायाइले, ओट्याच्या कडेले बोलावलं. आवाज असा मऊ की ऐकूनच संशय यावा. "बायाहो, सोमवारपासून तुरीची आवक वाढन. तुमचा मजुरीचा कागद कौतिकाबाईच्या जामिनावर होता. जामीनदार गेली, कागद सरला. आता एक तं तिच्या जागी दुसरा जामीन द्या, नाई तं पयलेसारखं मातेरं घ्या. सोमवारी सकाळी सांगजा." हे बोलताना तो माह्याकडंच पाहून राह्यला होता. तुह्या मागं सगळ्यात जास्त तोंड चालते ते माहंच ना.

जामीन, अन् मी! मले जामीन राहताच येत नव्हतं. काऊन ते फक्त मले माहित होतं, असं मले तवा वाटत होतं.

मी या ओट्यावर आली तवा सासूच्या जागेवर आली. तिच्या आधी तिची सासू होती. शेतकऱ्याचा माल ओट्यावर पडला की बायाइनं चाळणी लावाची, माती-काडी काढाची, साफ ढीग हर्रासाले तयार कराचा, अन् माल विकला गेला की मापाआधी पोत्याची तोंडं दाभणानं शिवाची. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. अन् मजुरी? मजुरी नाईच. शेवटी ओटा झाडाचा, खाली जे सांडलं असन ते आपलं. दाणे, खडे, उंदराच्या लेंड्या, सगळं. त्यालेच मातेरं म्हणाचं. घरी नेऊन पाखडाचं, निवडाचं, त्यातून जे निघन ती दिवसभराची कमाई. मार्केटच्या पाटीवर हमालाचा दर रंगवलेला, मापाऱ्याचा दर रंगवलेला. आमचं नाव त्या पाटीवर कुठंच नव्हतं.

अन् मजा म्हणजे आम्हाले त्याचा अभिमान होता. "मातेरं आपल्या हक्काचं हाये," असं माही सासू छाती काढून सांगे. मी पण सांगे.

तू पयली बाई, जिनं त्यातली खोच पाह्यली. आठवते? आपण टपरीपाशी चहा पिऊन राह्यलो होतो. तू म्हटलं, "रेखा, आज मी लय मन लावून चाळलं व. दाना खाली पडू देला नाई. अन् पाह्य, माहं टोपलं रिकामं. अन् ज्या बाईनं अर्धा माल खाली सांडला तिचं टोपलं भरलं. हे कसलं काम व, जे चोख केलं तं उपाशी राह्य लागते?" मी म्हटलं, "मंग सांडत जा की थोडं." तू माह्याकडं असं पाह्यलं की मी चहाचा कप खाली ठेवला.

सांडत तं आम्ही होतोच. सांडून भागलं नाई तं दाभण होतं. पोतं शिवता शिवता बुडाशी हळूच एक टोचा माराचा. हमाल ते पोतं उचलून काट्यापर्यंत नेते तवर बारीक धार लागते, ओंजळ-दोन ओंजळी ओट्यावर पडतात. सगळ्याच करत होत्या. चोरी असं आमच्यात कोणी म्हणत नव्हतं. मातेरं वाढवलं, असं म्हणत होतो.

अन् मंग एक दिवस साखरखेर्ड्याहून एक म्हातारा सोयाबीन घेऊन आला. धोतर गुडघ्यापर्यंत, पायात टायरच्या चपला. मी त्याच्या पोत्याले टोचा मारला. त्याले धार दिसली. तो बिचारा पोत्याखाली दोन्ही हात धरून उभा राह्यला अन् मलेच विचारते, "बाई, माहं पोतं फाटलं का व? सुई हाये का तुह्यापाशी?" सुई माह्या हातात होती, मावशी. तेवढ्यात तू आली, त्याच्या पाया पडली, तवा मले कळलं तो तुहा थोरला भाऊ.

तू माह्या हातातलं दाभण घेतलं, भोक शिवलं, अन् आपल्या टोपल्यातलं मातेरं दोनदा चाळून त्यातले साफ दाणे भावाच्या ढिगात टाकले. संध्याकाळी वाटेनं तू थांबली. "माह्या भावाचं होतं म्हणून बोलून राह्यली असं समजू नोको. सगळेच कोनाचे तरी भाऊ हायेत. पन हक्काचं असतं तं आपन उजेडात मागलं असतं का नाई? भोक पाडून जे निघते ते हक्काचं कसं व?"

मी तुले उलट बोलली. म्हटलं, "मावशी, पोट भरल्यावर असं शानपन सुचते." तू हसली. "माहं पोट कोनं भरलं व," म्हटलं, अन् चालाले लागली.

त्यानंतरच्या बाजाराले तू भर हर्रासात उठली. शेठ होते, मुनीमजी होते, शेतकऱ्याइची ही गर्दी. तू म्हटलं, आम्हाले मातेरं नोको, रोजाची मजुरी पाह्यजे. मुनीमजी कडाडला, "मजुरी? तुमी पोते फोडता, आमाले ठाऊक नाई का? चोराच्या उलट्या बोंबा!" आम्ही सगळ्या माना खाली घातल्या. नाई म्हणशीन, आळ घेऊ नोका म्हणशीन, असं वाटलं. अन् तू काय म्हटलं? "हो, फोडतो. मजुरी देत नाई म्हनून फोडतो. मजुरी द्या, मंग एक जरी पोतं फुटलं तं मले घरी बसवा."

किती राग आला होता तुहा! लोकाइच्या देखत तू आम्हाले चोर करून टाकलं. मी दोन आठवडे तुह्यासंगं बोलली नाई. आपली चाळणी उचलून ओट्याच्या दुसऱ्या टोकाले बसाले लागली. शेतकरी मात्र तुह्याकडून झाले. "बाई खरं बोलली, हिले मजुरी द्या," म्हणाले लागले. माल सांडू नोको म्हणून त्यातले काही तं स्वतःच चाळणी घेऊन बसले, पण आमच्यासारखी साफ तूर त्याइच्या बापजन्मी झाली नाई. शेठले कागद करा लागला. रोजाची मजुरी, आठ तास काम, जेवणाची सुट्टी, ओट्यावर सावली, पाण्याचा नळ. संडासाची चावी मुनीमजीच्या गल्ल्यात राहाची, ते बी तू सोडवलं. "बाईनं मुताले जाताना मानसाले इचाराचं का?" असं तू विचारलं, अन् मुनीमजीनं चावी अशी फेकली जशी पोळली. अन् तुह्या बाजूनं, कागदावर आम्ही बायाइनं काय कराचं तेही तूच लिहून घेतलं. वेळेवर याचं, माल शेतकऱ्याचा समजून चाळाचा, दाणा पडला तं उचलून ढिगात टाकाचा.

शेवटची ओळ मुनीमजीनं लिहिली. पोतं फुटलं तं जबाबदारी कौतिकाबाईची, तिची मजुरी बंद. तू खाली सही केली. मी तवाच ओरडली होती, "मावशी, आ बैल मले मार कशाले करून राह्यली? हमालाइसाठी कोणी जामीन राह्यला का?" तू म्हटलं, "आता घेऊन टाकू व. पुढचं पुढं."

आता जे कधी सांगितलं नाई ते सांगते. कागद झाल्यावर चौथ्याच दिवशी तुरीचं एक पोतं फुटलं. ते मी फोडलं होतं.

घरी डाळ नव्हती म्हणून नाई. होती. माह्या अंगात रग होती. माह्या सासूपासून चालत आलेली गोष्ट तू एका सहीनं मोडली, तू कोण मोठी लागून गेली, असं माह्या डोक्यात बसलं होतं. टोचा मारला, ओंजळभर तूर कनवटीले लावली, घरी नेऊन भरडली अन् वरण केलं. चांगलं लागलं, मावशी. घशाखाली उतरलं नाई असं खोटं नाई लिहत.

दुसऱ्या दिवशी मुनीमजीनं कागद दाखवला अन् तू घरी बसली. पंधरा दिवस. कोणं फोडलं हे तू विचारलं नाई. आम्ही सगळ्या मजुरी घेऊन घरी जात होतो, अन् तू दारात बसून मेथी निवडत होती. मी तुह्या दारावरून जाताना मान खाली घालत होती. तू आवाज देई, "काय व रेखा, तुरीचा भाव काय निघाला?" मी भाव सांगून पुढं जात होती. सोळाव्या दिवशी तू आली, चाळणी घेतली अन् माह्याच बाजूले बसली. त्यानंतर आमच्या ओट्यावर एक पोतं फुटलं नाई. पण मी तुले सांगितलं नाई ते नाईच. आधी लाज वाटली, मंग उशीर झाला असं वाटलं, अन् मंग तुले खोकला सुरू झाला.

हे माहं भांडण, मावशी, अन् यात चूक तुही हाये. तुले दमा नव्हता, क्षय नव्हता. सोयाबीनची धूळ होती, वरसानुवरसं पदरातून गाळून घेतलेली. मी कितीदा म्हटलं, तोंडाले बांधाचे मास्क अन् वरसातून एकदा छातीची तपासणी, हे कागदात टाक. तू म्हणे, "माह्यासाठी मागलं तं म्हनतीन, पुढारपन करून हिनं आपलं भागवून घेतलं." मी म्हटलं, तू काय मजूर नाई का? तुही छाती काय लाकडाची हाये? तू म्हटलं, "पाहू पुढच्या हंगामाले."

तालुक्याच्या दवाखान्यात मी तुह्यासंगं आली होती. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "आजी, काम काय करता?" तू म्हटलं, "शेतात जातो थोडं." मी चाट पडली. बाहेर आल्यावर तू मले दटावलं, "धुळीचं नाव निंगालं तं उद्या हे लोक म्हनतीन बाया बिमार पडतात, मशीन आनू. तुमी तेराजनी कुठं जासान?" तिथंच परत आत जाऊन सांगाले पाह्यजे होतं, की नाई हो बाई, ही आयुष्यभर धूळ चाळून राह्यली. नाई सांगितलं. दुनियेसंगं भांडणाऱ्या बाईनं आपल्या स्वतःसाठी तोंड दाबून बुक्क्याचा मार खाल्ला, अन् मी बाकावर बसून पाह्यलं. याचा मले तुह्यावर जितका राग हाये तितकाच माह्यावर हाये.

आज सोमवार. सकाळी ओट्यावर तुरीचे ढीगच ढीग. आम्ही चौदाजणी आलो, तेरा म्हणा लागते आता, पण तुह्या जागी तुही सून आली, म्हणून चौदा. चाळणी कोणं हातात घेतली नव्हती. सुमन म्हटली, "रेखा, तूच राह्य जामीन. मावशीच्या मागं तूच."

मी म्हटलं, "मले जमणार नाई." अन् सांगून टाकलं. चौथा दिवस, ते पोतं, ती तूर, ते वरण. तुह्या सुनेच्या तोंडाकडं पाहून सांगितलं, कारण ते पंधरा दिवस तिच्या घरचे होते. वाटलं, आता ही चाळणी डोक्यात घालन.

सुमन म्हटली, "झालं? सांगून झालं? आमाले ठाऊक हाये."

"काय ठाऊक हाये?"

"तू डावरी. तुहा टोचा उल्ट्या अंगानं तिरपा पडते. मावशीनं भोक पाह्यलं अन् त्याच दिवशी आमाले म्हटलं, रेखाले कोनी इचारजा नोका. ती सोता सांगन. सांगन तवा तिच्यासंगं राहजा."

मी खाली बसली, मावशी. तुरीच्या ढिगावरच बसली अन् हमसून हमसून रडली. तुले माहित होतं. माह्याच बाजूले येऊन बसली ते माहित असून बसली. मले चाळणी कशी धराची ते परत दाखवत होती ते माहित असून. अशी कशी व तू? एक थापड मारली असती तं मी किती वरसं आधी मोकळी झाली असती. तुह्या भलेपणाचा मले राग येते, अन् त्याचेच उपकार बी हायेत, आता दोन्ही घेऊन चाला लागन.

तेवढ्यात मुनीमजी आला. "हां, ठरलं का? जामीन कोन?"

मी डोळे पुसले अन् उठली. "कोणीच नाई."

"मंग मातेरं."

"मातेरं बी नाई. जामीन चोराले लागते, मुनीमजी. आम्ही मजूर आहो. हमालाले जामीन मागता का? मापाऱ्याले मागता का? तुमी गल्ल्यावर बसता, तुमाले कोण जामीन हाये?"

हमाल हसले. मुनीमजी लाल झाला. "आजच दुसऱ्या बाया आनतो. वडनेर भोलजीपर्यंत गाडी पाठवतो."

सुमन म्हटली, "पाठवा की. आमी बसतो तवर. त्याइलेबी सांगतो सगळं."

आम्ही चाळण्या उपड्या ठेवल्या अन् त्यावर बसलो. हर्रासाची वेळ झाली. न चाळलेल्या तुरीले बोली कोण लावन? व्यापारी ढिगात हात घालत, माती पाहत अन् पुढं जात. शेतकरी आधी आमच्यावर चिडले, ते साहजिक हाये, त्याइचा माल अडला होता. मी त्याइले जाऊन सांगितलं काय झालं ते. एक जण, त्याचं नाव बी मले माहित नाई, तो शेठच्या दुकानात शिरला अन् मोठ्यानं म्हटला, "शेठ, या बाया मजुरीवर लागल्यापासून माहं एक पोतं फुटलं नाई. मले याच बाया पाह्यजेत. नाई तं मी उद्यापासून दुसऱ्या अडतीवर जातो." मंग दुसरा तेच म्हटला. मंग गलकाच झाला.

शेठ कागद घेऊन स्वतः ओट्यावर आले. तोच कागद, घडीवर फाटाले आलेला. म्हणे, "आहे तोच चालू ठेवू. आता कामाले लागा."

मी म्हटलं, "दोन गोष्टी. मास्क अन् वरसातून एकदा छातीची तपासणी, हे लिहा."

"हे नवीन काय आनलं?"

"नवीन नाई. जुनंच हाये. मागाचं राहून गेलं होतं."

मास्क त्याइनं लिहिले. तपासणीचं 'पाहू' म्हटले. पाहू दे. मी तं आजच तुह्या डॉक्टरीणबाईकडं जाणार हाये, अन् तू काय काम करत होती ते सांगणार हाये. मशीन आणाचं त्याइले आणू दे, तवा त्या मशीनसंगं भांडू.

"अन् दुसरं?" शेठनं विचारलं.

मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे खोडा."

शेठ म्हटले, "अवो, गेलेल्या बाईचं नाव खोडाचं? बरं दिसते का ते?"

"खोडा. आपापल्या कामाची जबाबदारी आम्ही आपापली घेतो, चौदाजणी सह्या करतो."

त्याइनं पेन काढला, तुह्या नावावर रेघ मारली. पयली सही मी केली, डाव्या हातानं, मंग सुमननं, मंग तुह्या सुनेनं, मंग बाकीच्याइनं. मुनीमजी पान चघळाचं विसरून पाहत होता. मी तवा रडली नाई. मावशी, आता कोणाच्याच चुकीपायी तुले घरी बसा लागणार नाई.